चौदा नंबरची जागा

नकाशाताईला नकाशा लागत नसे, म्हणून तिचं नाव नकाशाताई पडलं होतं. उद्यानाच्या बुकिंग ऑफिसात खिडकीजवळच्या टेबलावर बसून ती फोन उचलायची. मागच्या भिंतीवर माणूसभर उंचीचा नकाशा टांगलेला होता, पण तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिल्याचं कुणाला आठवत नव्हतं. समोरचा माणूस नुसतं "तीन नंबरच्या जागेवर ऊन कधी येतं हो?" असं विचारायचा, आणि ही डाव्या हाताने डब्याचं झाकण लावत सांगायची, "साडेआठला. पण समोरचा मोठा पाइन मध्ये येतो, तेव्हा नऊ धरा."

तिच्या गावाच्या वर डोंगराची एक लांब रांग होती. रांगेच्या अलीकडे एक राष्ट्रीय उद्यान, पलीकडे दुसरं आणि मधे खिंड. दोन्हीकडे जाणारी माणसं आधी या गावात उतरायची. तंबू ठोकण्यासाठी चार ठिकाणं होती. ऑफिसात त्यांना तळ म्हणत. खिंडीजवळचा वरचा तळ, तिथे वारा तंबू उपटून नेईल असा. जंगलातला तळ, थंडगार पण अंधारा. रस्त्यालगतचा तळ, म्हाताऱ्यांना आणि मोठ्या गाड्यांना सोयीचा. आणि नदीचा तळ. नदीच्या तळावर सोळा जागा होत्या आणि उन्हाळाभर माणसं त्या सोळा जागांवर तुटून पडत.

फोनवर लोक काय काय विचारायचे! एकाने विचारलं होतं, अस्वल साधारण किती वाजता येतं? "त्याच्या सवडीनं येतं," ती म्हणाली होती, "बुकिंग करत नाही ते." ऑफिस पोट धरधरून हसलं होतं. पण चेष्टा बाजूला ठेवली तर तिच्यासारखी जागा नेमून देणारं दुसरं कुणी नव्हतं. ती तीन गोष्टी विचारायची. माणसं किती, गुडघे कसे आहेत आणि झोप कशी आहे. उत्तरं ऐकली की तिच्या डोक्यात जागा उभी राहायची. परत गेलेली माणसं पुढच्या वर्षी फोन करून "त्या ताईच हव्यात" म्हणून हट्ट धरायची.

गंमत म्हणजे ती स्वतः तंबूत एक रात्रही झोपली नव्हती. नोकरीची पहिली दोन वर्षं ती आवक विभागात होती. येईल त्या कागदावर शिक्का मारायचा, सही करायची, कागद पुढे ढकलायचा. मग फोनवर आली ती तिथेच रुळली. एकदा ऑफिसच्या सहलीला वरच्या तळावर गेली आणि डोकं धरून संध्याकाळीच खाली आली. तिला सगळं ठाऊक होतं ते ऐकून. लोकांच्या तक्रारी, लोकांची कौतुकं आणि टेबलाच्या काचेखालचा छापील आराखडा. नवरा बस डेपोत मेकॅनिक. मुलगी दूरच्या शहरात नर्सिंग शिकत होती. घर दोन खोल्यांचं, डेपोच्या मागे. एकंदरीत बरं चाललं होतं.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर एका चष्मेवाल्याचा फोन आला. सहा तासांच्या अंतरावरच्या शहरात त्याचं चष्म्याचं दुकान होतं. मोजून मापून बोलणारा माणूस.

"आम्ही तिघं. मी, बायको आणि मुलगी. मुलगी नऊ वर्षांची आहे. तिला पाण्याचा आवाज ऐकत झोपायचंय. वर्षभर डोकं खाल्लंय तिनं माझं."

"नदीचा तळ भरलाय हो," नकाशाताई म्हणाली. "जंगलातला देते. ओढा आहे जवळ, पण उन्हाळ्यात तो काही बोलत नाही."

तो हसला. "चालेल. तिला सांगतो, ओढ्याचा घसा बसलाय."

तिने बुकिंग केलं आणि सवयीप्रमाणे वहीत नावापुढे शेरा लिहिला: मुलीला पाण्याचा आवाज हवा.

ते लोक निघायच्या आठवडाभर आधी नदीच्या तळावरचं चौदा नंबरचं बुकिंग रद्द झालं. अगदी काठावरची, सगळ्यात मागणी असलेली जागा. नियम असा की रद्द झालेली जागा प्रतीक्षायादीतल्या पहिल्या माणसाला द्यायची. यादीत सातजण होते. नकाशाताईचं बोट यादीवरून फिरलं आणि मग वहीतल्या त्या शेऱ्यावर येऊन थांबलं. सातही जणांना नुसती जागा हवी होती, आवाज कुणालाच नको होता. तिने फोन उचलला.

"अहो, नदीकाठची जागा देऊ का? अगदी पाण्याला लागून आहे."

पलीकडे त्याने फोन बाजूला धरून कुणाला तरी ओरडून सांगितलं. मग धाडधाड आवाज आला, भांडं पडलं, आणि बाईचा आवाज, "अगं, उतर खाली, टेबल मोडेल!" चष्मेवाला परत फोनवर आला तेव्हा त्याला धड बोलता येत नव्हतं. "ताई, तुमचे उपकार..." असं काहीतरी म्हणाला. नकाशाताई दिवसभर स्वतःशीच हसत होती. जेवताना नवऱ्याला तिने सगळं रंगवून सांगितलं. "आज एक काम केलं बघ," असं म्हणाली.

ते तिघं आले त्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी पावणेचारला नदीला लोंढा आला. तळावर पावसाचा थेंब नव्हता. आभाळ निळंभोर होतं. पाऊस झाला होता तो वर, खिंडीखालच्या घळीत, जो इथून कुणाला दिसलाही नाही. पाणी आलं ते पाण्यासारखं नाहीच. लाल, जाड, ओंडके आणि दगड घेऊन. वरच्या जागांवरची माणसं आरडाओरडा ऐकून उतार चढून गेली; काठाकडच्या बाकीच्या जागांवरची दिवसभरासाठी डोंगरात फिरायला गेली होती. चष्मेवाल्याची बायको भांडी घासायला उतारावरच्या नळावर गेली होती. तिने वरून पाहिलं. नवरा मुलीचा हात धरून तंबूपासून उताराकडे धावत होता. मधेच तो थांबला. त्याच्या पुढ्यातही पाणी होतं.

ऑफिसातल्या वायरलेसवर ही बातमी आली तेव्हा नकाशाताई फोनवर कुणालातरी जंगलातल्या तळाचे फायदे सांगत होती. वायरलेसवाल्याने जागेचा नंबर मोठ्याने म्हटला. तिने फोन खाली ठेवला. पलीकडचा माणूस बोलतच होता.

मुलगी त्याच संध्याकाळी सापडली, पुलाच्या खांबापाशी. बाप चार दिवसांनी.

चौथ्या दिवशी चष्मेवाल्याची बायको ऑफिसात आली. सोबत तिचा भाऊ होता. सामान ताब्यात घ्यायला सही लागत होती. सामान म्हणजे एक बॅग, एक घोंगडी आणि वाकलेली पातेली. साहेबांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, शब्दांची जुळवाजुळव केली. ती बसली नाही. तिच्या पायात कुणाच्या तरी मोठ्या चपला होत्या.

"आमचं बुकिंग जंगलातलं होतं," ती म्हणाली. "मग इथून फोन आला. कुणी केला होता तो?"

नकाशाताई चार हातांवर बसली होती. ती अर्धवट उठली.

"जागा रिकामी झाली की फोन जातो ऑफिसातून," साहेब पटकन म्हणाले. "ती पद्धतच आहे. कुणी एक माणूस करतो असं नाही."

बाईने खोलीतल्या चौघांकडे एकेकदा पाहिलं. नकाशाताईकडेही पाहिलं. नकाशाताईने समोरचा कागद सरळ केला आणि परत बसली. बाई सही करून गेली.

दार बंद झाल्यावर साहेब जवळ आले. वाईट माणूस नव्हता; दोन वर्षांत निवृत्त व्हायचा होता आणि ती दोन वर्षं त्याला शांततेत हवी होती. "तुम्ही यादी सोडून फोन केलात, ते मला माहितीये," ते खालच्या आवाजात म्हणाले. "चांगल्या मनानं केलंत. पण चौकशीत मन कोण बघतं? विचारतील तेवढंच सांगा."

चौकशी झाली. दोन अधिकारी आले, तळ बघून आले, चहा प्यायले. तिला एकच प्रश्न विचारला. हवामानखात्याचा काही इशारा ऑफिसला आला होता का? नव्हता. तिने "नाही" म्हटलं, आणि ते खरंच होतं. अहवालात 'नैसर्गिक आपत्ती' असं आलं.

तिची झोप उडाली. जेवण जाईना. नवरा म्हणायचा, "पाऊस तू पाडलास का?" ती म्हणायची, "नाही." "मग?" तिला एवढंच कळत होतं की तो माणूस धावता धावता मधेच थांबला, असं सगळे सांगत होते, आणि तिच्या आराखड्यात चौदा नंबर आणि उतार यांच्या मधे काहीच नव्हतं. कोरा कागद होता. मग पुढून पाणी आलं कुठून?

एका रविवारी ती बसने नदीच्या तळावर गेली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. तळ बंद होता, दोरी बांधलेली होती. फाटकाशी एका टपरीवजा खोलीत एक निवृत्त वनरक्षक राहत असे. सगळे त्याला आप्पा म्हणत. त्याने तिचा आवाज ऐकला आणि चेहऱ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही फोनवरच्या ना? या."

आप्पाने तिला आत नेलं. चिखल वाळून भेगाळला होता. जागांचे नंबर लिहिलेले खुंट बरेचसे वाहून गेले होते. काठाकडे जाताना दोघं एका खोलगट पट्ट्यातून गेले. गुडघाभर खोल, वीसेक पावलं रुंद, गवत दबलेलं. मधे मोडक्या फळ्या पडल्या होत्या.

"हा खळगा कसला?" तिने विचारलं.

"खळगा नाही ताई. ही नदीची जुनी वाट आहे." आप्पाने काठीने वरच्या अंगाला, मग खालच्या अंगाला दाखवलं. "नदी फुगली की आधी इथून शिरते. काठावर पाणी चढायच्या आधी मागून येतं. नऊ ते सोळा, या आठ जागा म्हणजे बेट होतं त्या वेळी. माणूस नदीला पाठ करून पळतो आणि इथे येऊन अडकतो. लोकांचे पाय भिजू नयेत म्हणून ऑफिसनं फळ्या टाकल्या होत्या."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मी नोकरीत असताना दोनदा भरलं. तेव्हा हिवाळा होता, कुणी नव्हतं." त्याने काठी चिखलात रोवली. "लिहून दिलं होतं मी. एकदा नाही, तीनदा. लिहून दिलं की आपलं काम संपलं असं वाटतं माणसाला."

ती त्या पट्ट्यात उभी राहिली. उताराकडे चाळीस पावलं होती. तिने मोजली. चाळीस पावलं म्हणजे ऑफिसच्या दारापासून पाण्याच्या टाकीपर्यंत. नऊ वर्षांची मुलगी बापाचा हात धरून किती वेळात जाईल? ती परत काठाकडे गेली आणि पुन्हा चालत आली, आणि मग तिला पुढे पाऊल टाकवेना. आप्पाने तिला हाताला धरून बाहेर आणलं.

पुढच्या आठवड्यात तिने रजा टाकली आणि सहा तासांचा प्रवास करून चष्म्याच्या दुकानात गेली. दुकान उघडं होतं. काउंटरमागे ती बाई एका गिऱ्हाइकाची फ्रेम गरम करून वाकवत होती. भिंतीवर लहान-मोठ्या अक्षरांचा तक्ता. गिऱ्हाईक जाईपर्यंत नकाशाताई उभी राहिली.

"काय हवंय?" बाईने विचारलं आणि मग ओळखलं. "तुम्ही त्या ऑफिसातल्या."

"तो फोन मी केला होता." वाटेत तिने बरंच काही जुळवलं होतं, ते सगळं विसरून तिने एवढंच म्हटलं. "पद्धत वगैरे काही नव्हती. यादीत सातजण होते तुमच्या आधी. मी त्यांना सोडून तुम्हाला केला. मुलीला आवाज हवा होता म्हणून. त्या दिवशी मी गप्प बसले."

बाईने हातातली फ्रेम पुसून खणात ठेवली. खण लावला. तिचा आवाज चढला नाही.

"मग आता मी काय करू?" ती म्हणाली. "'तुमचा काही दोष नाही' असं म्हणू? त्यासाठी आलात एवढ्या लांब?"

"नाही. तुम्ही विचारलं होतंत. उत्तर द्यायचं राहिलं होतं."

"दिलंत." ती म्हणाली. "टेबलावर चढून नाचली ती. रात्री जेवायला उतरेना. मी ओरडले तिच्यावर. ते आठवतं मला सारखं, मी ओरडले ते." तिने काउंटरवरचा आरसा उगाच फिरवला. "त्या जागेवर आता कोण राहतं?"

"बंद आहे तळ."

"कायमचा?"

नकाशाताईला खरं सांगणं भाग होतं. "सोमवारपासून उघडतोय. नवे खुंट लावलेत."

बाईने तिच्याकडे असं पाहिलं की नकाशाताईला ती नजर पुढे कितीतरी दिवस पाठीत टोचत राहिली. "म्हणजे सोमवारी तुम्ही कुणालातरी चौदा नंबर देणार," बाई म्हणाली. "जा आता. माझी दुकान बंद करायची वेळ झाली." भर दुपार होती. नकाशाताई पायऱ्या उतरली.

सोमवारी पहिलाच फोन नदीच्या तळासाठी होता. "नऊ ते सोळा देत नाही मी," नकाशाताई म्हणाली. "का?" "तिथे मागून पाणी येतं. माणसं गेलीत." पलीकडून जंगलातल्या तळाची चौकशी झाली. दुसऱ्या फोनलाही तिने तेच सांगितलं, तिसऱ्यालाही. काहींनी आभार मानले. एकाने तिला वेड लागलंय का असं विचारलं. तीन आठवडे त्या आठ जागा रिकाम्या राहिल्या. ऑफिसात कुजबुज सुरू झाली. तिच्या शेजारी अठरा वर्षं डबा खाणारी सहकारी डबा घेऊन आतल्या खोलीत बसायला लागली. मग वरून साहेबांना फोन आला.

"अहो, चौकशीनं जागा सुरक्षित ठरवल्यात," साहेब म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. "तुम्ही कोण लोकांना घाबरवणाऱ्या?"

"चौकशीवाले पाणी ओसरल्यावर त्या खळग्यातून चालत गेले, साहेब. त्यांचे पायसुद्धा भिजले नाहीत."

"मला तुमच्याशी वाद घालायचा नाही. उद्यापासून रेकॉर्ड रूम बघा. फोन दुसरं कुणी घेईल."

रेकॉर्ड रूम म्हणजे तळघरातली एक लांबट खोली. एक बल्ब, लोखंडी मांडण्या, वाळवीचा वास. तिला कामच नव्हतं, म्हणजे कुणी ते दिलं नव्हतं. वर दुसरीच मुलगी फोन घेत होती आणि चौदा नंबर पुन्हा जाऊ लागला होता. छतातून तिला ते शब्द ऐकू यायचे नाहीत, पण घंटी ऐकू यायची. ती जुने गठ्ठे सोडून पुसू लागली. अकराव्या दिवशी तिला आप्पाचे अर्ज मिळाले. त्याने सांगितल्याप्रमाणे तीन. ठसठशीत, लहान मुलासारखं अक्षर. 'नदीचे तळावरील जागा क्र. नऊ ते सोळा यांचे मागे जुना प्रवाह असून...' सोबत हाताने काढलेला आराखडा, त्यात तो खळगा पेन्सिलीने गिरवून काळा केलेला. पहिल्या दोन अर्जांवर कुणीतरी 'पाहिले' लिहिलं होतं. तिसऱ्यावर तेही नव्हतं. फक्त आवकचा शिक्का होता, तारीख होती आणि शिक्क्याखाली सही होती. तिची.

ती तिथेच जमिनीवर बसली. त्या दिवसाचं तिला काही म्हणजे काही आठवेना. आठवणार काय? दिवसाला साठ-सत्तर कागद यायचे. शिक्का मारायचा, सही करायची, पुढे ढकलायचा. तिने तो आराखडा पाहिलाही नसेल. किंवा पाहिला असेल आणि सुबक काढलाय असं वाटून कागद पालथा घातला असेल.

अर्ज पिशवीत घालून ती घरी घेऊन गेली. नवऱ्यापुढे टेबलावर ठेवले. त्याने हात धुतले, पुसले, चष्मा लावून वाचलं. सहीपाशी आला तेव्हा त्याने चष्मा काढला.

"हे आहेत हे कुणाला माहितीये?"

"मला."

"आप्पाला?"

"त्याला वाटतं फेकून दिले असतील."

"मग फेकून दे." तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "मी वाईट सांगत नाहीये. पोरीचं शिक्षण अर्ध्यावर आहे. यात साहेब अडकणार नाही, तो या अर्जांच्या नंतर आलाय. अडकशील तू एकटी. सही तुझी आहे."

"म्हणून तर."

"काय म्हणून तर?"

"त्या बाईपुढे मी कागद सरळ करत बसले होते," ती म्हणाली. "आता परत कागदच सरळ करू का?"

नवरा उठून अंगणात गेला आणि बराच वेळ सायकलची साखळी काढघाल करत बसला. सकाळी मात्र त्याने डेपोतून मोठा जाड लिफाफा आणून दिला.

तिने अर्जांच्या नकला काढल्या. सोबत एका पानाचं पत्र लिहिलं. त्यात जुनी वाट कुठून शिरते ते लिहिलं, यादीतल्या सातजणांना डावलून फोन कुणी केला ते लिहिलं, आणि तिसऱ्या अर्जावरची सही आपली आहे हेही लिहिलं. मूळ कागद साहेबांच्या टेबलावर ठेवले आणि नकला मुख्य कार्यालयाला पोस्टाने पाठवल्या. साहेबांनी मूळ कागदांना हात लावला नाही, जसं काही ते गरम होते. "तुम्ही माझी दोन वर्षं घालवलीत," एवढंच म्हणाले.

खरं तर त्यांची दोन वर्षं गेली नाहीत. ते वेळेवर, हारतुऱ्यांसह निवृत्त झाले. कार्यालयाचे कागद परवानगीशिवाय बाहेर नेल्याबद्दल आणि प्रतीक्षायादी डावलल्याबद्दल नकाशाताईला कामावरून काढलं. आदेशात नदीचा उल्लेख नव्हता. मुख्य कार्यालयातला एक माणूस आप्पाला भेटायला आला, त्याचं म्हणणं लिहून घेतलं आणि गेला. त्याच हिवाळ्यात आप्पा छातीच्या दुखण्याने वारला. शेवटच्या दिवसांत नकाशाताई त्याच्या खोलीवर जायची, चूल पेटवून द्यायची. "चौथ्यांदा लिहायला हवं होतं," तो एकदा म्हणाला. तिने चुलीत आणखी एक लाकूड सारलं.

तिला गावातल्या इस्पितळाच्या धोबीखान्यात काम मिळालं. चादरी वाफेतून काढायच्या, दोघींनी टोकं धरून झटकायच्या, घड्या घालायच्या. हातांची सालं निघायची. तिथे तिला कुणी नकाशाताई म्हणत नसे. पहिल्या उन्हाळ्यात आभाळ निळं असलं की ती काम सोडून खिडकीपाशी जायची आणि खिंडीच्या दिशेने बघत राहायची. जोडीदारीण ओरडायची, "अगं, टोक सुटलं!" त्या उन्हाळ्यात आठही जागांवर माणसं राहून गेली. काही झालं नाही. दुसऱ्याही उन्हाळ्यात काही झालं नाही. मुलगी सुट्टीत आली होती. ती एकदा चिडून म्हणाली, "आई, तुला काय वाटतं, पूर आला असता तर बरं झालं असतं?" नकाशाताईने तिच्या मुस्काटात मारली. आयुष्यात पहिल्यांदा. मग दोघी रडल्या.

तिसऱ्या वर्षी उद्यानाचा नवा नकाशा निघाला. नवऱ्याने डेपोतून एक प्रत आणली आणि जेवणाच्या ताटाशेजारी उलगडून ठेवली. नदीच्या तळावर आता आठच जागा होत्या. नऊपासून पुढे हिरवा रंग भरला होता. तळटीप होती: 'देखभालीच्या सोयीसाठी जागांची पुनर्रचना.' पत्राचा, अर्जांचा, माणसांचा कुठे मागमूस नव्हता. तिने बोटाने तो हिरवा भाग चाचपला. कागद गुळगुळीत होता.

"झालं ना मनासारखं?" नवऱ्याने विचारलं. टोमणा नव्हता.

"त्या बाईला सांगायला हवं," ती म्हणाली.

रजेच्या दिवशी ती पहाटेच्या गाडीने निघाली. नकाशा पर्समध्ये, घडी मोडू नये म्हणून पुठ्ठ्यात घालून. रस्ता आठवत होता. बाजार, बँक, मग डावीकडचं तिसरं दुकान. पायरीवर एक माणूस बुटांना टाच ठोकत बसला होता. आत मांडण्यांवर चपला-बूट होते. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता जिथे होता तिथला रंग थोडा उजळ राहिला होता.

"इथे चष्म्याचं दुकान होतं..."

"होतं. दोन वर्षं होत आली सोडून." चांभाराने तोंडातले खिळे हातात घेतले. "बाई एकट्या होत्या. भाऊ आला न्यायला. कुठे ते माहीत नाही बुवा. चष्मा राहिलाय का तुमचा?"

"नाही."

"काही निरोप होता का? कुणी विचारत आलंच तर सांगतो."

ती पुठ्ठा हातात धरून उभी राहिली. काय सांगायचं, ते तिने सहा तास मनात घोळवलं होतं. आता ते या अनोळखी माणसाला, बुटांच्या ढिगाऱ्यात, एका वाक्यात कसं सांगायचं? सांगितलंच तरी ते कधी कुणापर्यंत पोचणार होतं?

"राहू द्या," ती म्हणाली.

परतीच्या गाडीला तीन तास होते. तिने स्टँडवर जाऊन एक बाक धरला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातची पाळी होती, आणि सोमवारी चादरी नेहमीपेक्षा जास्त येतात.